उसव बघू ती गादी

आमच्या सासूबाई कुणाच्या घरी पाहुण्या म्हणून गेल्या, की गूळपाणी घेण्याआधी त्यांचा हात गादीकडे जायचा. यजमानीण आत वळली रे वळली, की ह्यांनी चादरीचा कोपरा उचललाच म्हणून समजा. आधी गादी दोन बोटांनी चिमटायची, मग नाक जवळ न्यायचं, आणि मग माझ्याकडे बघून डोळे असे बारीक करायचे, की धरणीनं पोटात घेतलं तर बरं असं मला व्हायचं. परतताना टांग्यात निकाल लागायचा. "त्या घरात खोकल्याचं माणूस हाय बघ. दडवून ठेवल्यात. कापूस सांगतोय." बिचारा टांगेवालासुद्धा मागं वळून बघायचा.

सगळं बेळगाव त्यांना आक्का म्हणे. त्या थोरल्या होत्या, घरातले दीर-नणंदा आक्का म्हणत, ते ऐकून पोटचा मुलगाही आक्काच म्हणू लागला. तो मुलगा म्हणजे आमचे हे, कचेरीत कारकून. मग मीही आक्काच म्हणायची. टिळकवाडीत आमचं घर नवीन होतं, भिंतींचा चुना अजून हाताला लागायचा, पण घरात कायदा जुना. माणूस आजारी पडलं की वैद्याकडे नंतर जायचं, आधी गादी उन्हात काढायची.

मी निपाणीची. वडील तंबाखूच्या वखारीत कामाला. लग्नात त्यांनी रुखवतावर नवी गादी ठेवली होती, निळ्या पट्ट्यांची. आमच्या आईच्या माहेरी एक रीत होती. लेकीच्या नव्या गादीत आईच्या गादीतला मूठभर कापूस घालायचा. परक्या घरात पोरीला झोप लागावी म्हणून. आईनं लग्नाच्या आदल्या दिवशी स्वतः दाभण घेऊन ती मूठ गादीच्या मधोमध घातली आणि शिवण पुन्हा घातली. "आता रडू आलं तर पालथी झोप," म्हणाली. तेवढ्यावर मी सासरी आले.

चौथ्या दिवशी सकाळी आक्कांनी गादी अंगणात आणायला लावली. चुलत सासवा, शेजारणी, सगळ्या जमलेल्या. मला वाटलं ऊन द्यायची असेल. आक्का म्हणाल्या, "उसव बघू ती गादी." मी तोंडाकडे बघत राहिले. शेवटी त्यांनीच टाके तोडले, कोपरापर्यंत हात आत घातला, चाचपला, आणि नेमकी ती मूठ बाहेर काढली. पांढऱ्याशुभ्र कापसात ती पिवळी मूठ कशी दिसली म्हणून सांगू! त्यात आईची गादी वखारीवरच्या माळ्यावर ठेवलेली असायची, तंबाखूचा वास मुरलेला.

"हे कुणाचं?"

मी रीत सांगितली.

आक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुझ्या आईला काय आजार हाय?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मी म्हटलं, "काही नाही. आई ठणठणीत आहे." आक्का म्हणाल्या, "तसंच म्हंतात सगळी." आणि उठून ती मूठ न्हाणीच्या चुलीत टाकली. कापूस जळायला वेळ तो काय लागतो? भुर्रकन गेला. त्या दिवशी मी मनाशी गाठ मारली. ह्या बाईच्या तोंडून एक दिवस वदवून घेईन, की माझ्या आईचा कापूस चांगला होता. दुसरं काही नको मला ह्या घरात.

आता खरं बोलायचं तर बाईचं सगळंच खोटं नव्हतं, आणि तिथंच माझी पंचाईत व्हायची. शेजारचे मास्तर रोज डोकं दुखतं म्हणून कपाळाला सुंठ लावून हिंडत. आक्कांनी कुंपणावरून विचारलं, "किती उश्या घेता?" मास्तर म्हणाले, दोन. "मान हाय का बगळा हाय?" म्हणाल्या. मास्तरांनी चिडून एक उशी काढली आणि आठवड्याभरात सुंठ बंद झाली. मास्तरीणबाईंनी वाटी भरून खीर पाठवली. आक्कांनी ती मांजराला दिली, कारण मास्तरीणबाई एकाएकी इतक्या गोड का झाल्या, ह्याचा त्यांना संशय आला.

त्यांचं एक वाक्य मी अजून म्हणते. "जेवण चुकलं तर माणूस निभावतं. झोप चुकली की माणूस चुकतं." कापूस पिंजून भरलेली, घट्ट टाक्यांची, चार बोटं जाडीची गादी, एवढंच त्यांना मान्य. सावरीचा मऊ कापूस दिसला की म्हणायच्या, "ही गादी न्हाय, चिखल हाय. माणूस रुततंय." आणि दर पंधरवड्याला ऊन. पावसाळ्यात सूर्य दिसला की पहिली गादी बाहेर, मग माणसं.

तर आमच्या ह्यांनी एकदा कॅम्पातल्या लिलावातून स्प्रिंगचा पलंग आणला. कुणी गोरा साहेब विलायतेला निघाला होता, त्याचं सामान विकायला काढलेलं. वर घोड्याच्या केसांची गादी. हे इतके खूश, की हमालाबरोबर स्वतः पलंगाचा पाय धरून आले. आक्का दारात उभ्या. "साहेब परत गेला का वर गेला?" ह्यांनी कपाळावर हात मारला. "अहो आक्का, बोटीनं गेला!" "तू बघितलास बोटीवर चढताना?" हे हट्टानं त्या पलंगावर झोपले. झोळीत झोपल्यासारखं कंबर खाली, डोकं-पाय वर. महिना झाला नाही तोच हे कमरेत वाकून कचेरीला जाऊ लागले. वर कुरकुर एवढी, की कूस बदलली तरी घर जागं. ह्यांनीच एका रविवारी आपणहून जमिनीवर गादी घातली आणि बारा तास झोपले. पलंगावर पुढे आम्ही सांडगे वाळवले.

आक्का स्वतः मात्र घोंगड्यावर झोपायच्या. मला आधी वाटे, विधवा बाई, रीत म्हणून. त्या काळी तसं असायचंच. एकदा मी ह्यांना म्हटलंदेखील, की दुसऱ्यांना एवढं गादीपुराण सांगायचं आणि स्वतः उघड्या फरशीवर, हे काय? तेव्हा ह्यांनी गंगूचं सांगितलं.

गंगू म्हणजे ह्यांची थोरली बहीण. प्लेगात लोक गाव सोडून शेतात झोपड्या घालून राहिले होते, तसेच हेही हिंडलग्याकडे राहिले. साथ ओसरल्यावर घरी आले. जुनं अंथरूण सगळं जाळलेलं, म्हणून आक्कांनी बाजारातून तयार गादी आणली. नवी, छान फुगलेली. गंगूनं हट्ट केला, पहिल्यांदा मी झोपणार. झोपली. तिसऱ्या दिवशी ताप, काखेत गाठ, आणि पोर गेली. डॉक्टर म्हणाले, उंदीर, पिसवा, साथ पुरती गेलीच नव्हती. आक्का म्हणाल्या, न्हाय. मेलेल्या माणसांच्या गाद्या जाळायला नेतात आणि वाटेतच कापूस विकतात, तोच पिंजून माझ्या पोरीखाली घातला. खरं काय ते देव जाणे. शाबीत कुणी केलं नाही. पण त्या दिवसापासून बाईचा जगावरचा विश्वास उडाला तो उडालाच.

हे ऐकून माझा राग निवायला हवा होता. थोडा निवलाही. पण पुढच्याच वर्षी निपाणीहून सांगावा आला, की विहिरीवर पाय घसरून आई गेली. मी ऊर बडवून रडत होते, आणि आक्का माझ्या पाठीवर हात ठेवून हळूच विचारतात काय, "पाय उगाच कसा घसरंल गं? चक्कर येत असंल. आधीपास्नं काय हुतं का तिला?" मी त्यांचा हात झटकून टाकला. आईची सगळ्यात शेवटची वस्तू ह्या बाईनं चुलीत घातली होती, आणि अजून हिची चौकशी संपत नव्हती! कितीतरी दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

दिवाळीच्या आधी पिंजारी यायचा. अंगणात त्याच्या धनुकलीचा टण्-टण् आवाज सुरू झाला, की आक्का पाट घेऊन समोर बसायच्या त्या संध्याकाळपर्यंत. कापूस बदलेल म्हणून. पिंजारी चाचा सज्जन माणूस, हसून म्हणायचा, "आक्का, आत जावा की. तूस लई उडतंय, छातीत बसतंय." त्याच्या स्वतःच्या तोंडाला फडकं बांधलेलं असे. आक्कांना वाटे, हा मला आत घालवायला बघतोय, म्हणजे नक्की काहीतरी आहे. त्या पाट आणखी पुढं सरकवायच्या. आमच्याच नव्हे, नात्यागोत्यातल्या कुणाच्याही घरी पिंजारी बसला की राखणीला आक्का. मच्छे गावच्या नणंदेकडेसुद्धा बैलगाडीनं जायच्या. तोंडात, नाकात, पापण्यांवर कापूस, पण नजर हलायची नाही.

व्हायचं तेच झालं. आक्कांना दमा लागला. डॉक्टरांनी छाती तपासली, हकीकत ऐकली आणि म्हणाले, "आजी, हा कापसाचा तूस आहे. इतकी वर्षं खाल्लात." आक्कांनी डॉक्टरांकडे असं पाहिलं, जणू पिंजाऱ्यानं त्यांना वश केलं असावं. त्यांचं निदान ठरलेलं होतं. हिंडलग्याच्या लग्नात जानवशाच्या गादीवर घटकाभर टेकल्या होत्या, तिथूनच हे आलं. काय करायचं अशा माणसाचं? वाईट कापूस घरात येऊ नये म्हणून जन्मभर जागल्या, आणि चांगल्याच कापसानं त्यांचा घात केला.

दुखणं वाढलं. आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून बसूनच डुलक्या घ्यायच्या. अंगाची काडी झालेली, घोंगड्यावर हाडं टोचून पाठीला जखमा झाल्या. डॉक्टर म्हणाले, गादी द्या, पाठीमागं उतरण करून टेकवा, झोप मिळाली नाही तर ह्या जायच्या. आक्का मान हलवायच्या, "न्हाय." ह्यांनी हात जोडले, रागावून पाहिलं, गंगूची शपथसुद्धा घालून पाहिली. न्हाय म्हणजे न्हाय.

शेवटी मीच उठले. नवा कापूस आणला, शेजारच्या वाड्यात पिंजून घेतला, गादी भरली. आणि शिवताना काय मनात आलं कोण जाणे, माझ्या गादीतला मूठभर कापूस काढून मधोमध घातला. दुपारी ती गादी त्यांच्यापुढं ठेवली, कात्री त्यांच्या हाताशी ठेवली आणि म्हटलं, "आक्का, उसवा बघू ही गादी."

त्यांच्या हातात जोर नव्हता. टाके मीच तोडले. त्यांनी आत हात घातला. तोंडाला पदर लावून मी बघत राहिले. बोटं हळूहळू फिरली, थांबली, आणि मूठ बाहेर आली.

"ह्यो जुना हाय. कुणाचा?"

"माझ्या गादीतला."

त्या कापूस बोटांनी चोळत राहिल्या. "ह्यात तुझ्या आईचाबी असंल."

"असेल," मी म्हटलं. "तुम्ही गोळा जाळलात. चिकटलेला राहिला असेल थोडा."

दम खात खात आक्का म्हणाल्या, "चांगला कापूस हुता तुझ्या आईचा. लांब धाग्याचा. हातात घेतला तवाच मला कळलंतं."

मी इतकी वर्षं ह्या वाक्याची वाट पाहिली होती. पण ऐकल्यावर आनंद कुठला, अंगाचा तिळपापड झाला. "मग जाळलात का?" मी ओरडलेच.

"आमच्या गंगूची गादीबी चांगलीच दिसत हुती गं," आक्का म्हणाल्या.

त्यांनीच ती मूठ गादीत परत खुपसली, आत, जिथं होती तिथं. "शीव आता. टाकं जवळ घाल," म्हणाल्या. मी शिवलं. डोळ्यांना दिसत नव्हतं, तीनदा दाभण बोटात घुसलं. मग मी आणि ह्यांनी उचलून त्यांना गादीवर टेकवलं. त्यांनी एकदा हातानं कड चाचपली आणि डोळे मिटले. त्या बाईचं घोरणं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

त्यानंतर महिनाभर त्या होत्या. गेल्या त्या त्याच गादीवर, जेवण करून दुपारच्या निजल्या त्या उठल्याच नाहीत. आमच्यात गेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवत नाहीत. ते न्यायला माणूस यायच्या आधी मी ती गादी उसवली आणि मधली मूठ काढून घेतली.

यंदा आमच्या लेकीचं लग्न ठरलं. सासर निपाणीचंच. तिची गादी शिवताना मी जपून ठेवलेली ती मूठ बाहेर काढली. मधे कितीदा तरी त्या कापसाला कडक ऊन दिलं होतं. तरी लेक दचकली, आजीचीच नात ती. "आई, मेलेल्या माणसाचा कापूस?"

"व्हय," मी म्हटलं, आणि दाभण ओवलं. "तुझी सासू उसवील आणि विचारील, कुणाचा. आजीचा म्हणून सांग. मग विचारील, कशानं गेली. तिला सांग, झोपेत गेली."