नकाशेबाई

कुठलीही फाइल बिघडली की बाई आधी पडद्याकडे बघतच नसत. आम्ही घाईघाईनं त्यांना खुर्चीपाशी ओढून आणायचो, "बाई, नकाशा दिसतच नाही हो," म्हणायचो, आणि त्या पदरानं चष्मा पुसत विचारायच्या, "त्याले नाव-गाव पुसलं का?" नाव-गाव म्हणजे ती प्रतिमा कुठल्या मोजणीपद्धतीत बसवली आहे, तिचा एक ठिपका जमिनीवरची किती जागा व्यापतो, तिच्यातले आकडे कुठून कुठपर्यंत जातात. हे सगळं फाइलच्या माहितीच्या खिडकीत लिहिलेलं असतं, आणि ती खिडकी आमच्यापैकी कोणी उघडत नसे. "अनोळखी माणूस दारात आला तर आपण पुसतो ना, कुठचा होय बाप्पा, कोणाच्या घरचा? मंग याले काऊन नाई पुसत?"

गडचिरोलीतली आमची संस्था लहानशी होती. जंगलातल्या गावांना सामूहिक वनहक्काचे दावे करायला नकाशे लागतात, ते आम्ही संगणकावर तयार करून द्यायचो. उपग्रहाची छायाचित्रं, जुने स्कॅन केलेले नकाशे, डोंगरांच्या उंचीची चित्रं, सगळा कारभार ठिपक्यांचा. अशा चित्राला रास्टर म्हणतात. त्याच्या प्रत्येक ठिपक्यात एक आकडा असतो, आणि या चित्रांतलं कुठलं तरी कायम रुसलेलं असतं. त्यांची समजूत काढायचं काम बाईंचं. गावोगावची माणसं त्यांना नकाशेबाई म्हणायची आणि मग आम्हीही तेच म्हणू लागलो. त्याआधी त्या बल्लारपूरकडे एका कोळसा खाणीच्या सर्व्हे कचेरीत ट्रेसिंगच्या कापडावर शाईनं नकाशे काढत. संगणक आला तेव्हा बरोबरीच्या काही जणी घरी बसल्या. बाईंनी चाळिशी ओलांडल्यावर माउस हातात धरला. यजमान खाणीतून निवृत्त होऊन बल्लारपुरातच राहायचे. शनिवारी बाई एसटीनं घरी जायच्या आणि सोमवारी जवसाच्या चटणीचा डबा घेऊन परतायच्या. डबा सगळ्यांसाठी असायचा, पण जेवताना कीबोर्डजवळ कोणी आलं तर मात्र खैर नसे.

मी नवी होते तेव्हाची गोष्ट. भामरागडकडचं एक छायाचित्र इंटरनेटवरून दिवसभर रखडत रखडत उतरवून घेतलं होतं. उघडलं तर सगळं काळं, जसं काही डांबर ओतलं आहे. मी फाइल पुसायला निघाले तेवढ्यात मागून आवाज आला, "थांब. काळं दिसून राह्यलं म्हणजे मेलं का ते?" बाईंनी आकड्यांचा आलेख उघडून दाखवला. कडेच्या काही सदोष ठिपक्यांत अवाच्या सवा मोठे आकडे शिरले होते. सॉफ्टवेअर सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या आकड्यांमध्ये उजेड वाटून देतं, त्यामुळे खरं जंगल बिचारं अंधारात चेपलं गेलं होतं. "एक-दोन जण लय बोंबलले की बाकीच्यायचं ऐकूच येत नाई. त्यायले बाजूले बसव." त्यांनी दोन्ही टोकांचे आकडे छाटले आणि पडद्यावर साग उगवला, बांबू उगवला, नदीची वाळू पांढरी झाली. मी आनंदानं टाळी वाजवली. बाई म्हणाल्या, "टाळ्या नंतर वाजवजो. आधी सेव्ह कर."

बाईंना सर्वांत जास्त चीड एकाच गोष्टीची होती: 'माहीत नाही' या ठिकाणी शून्य लिहिण्याची. आमच्या अमोलनं एकदा उंचीच्या चित्रातल्या रिकाम्या जागा शून्यानं भरून टाकल्या. त्यावरून उतार काढला तर डोंगराच्या ऐन माथ्यावर पाताळात जाणाऱ्या विहिरी दिसू लागल्या. "शून्य म्हणजे समुद्र, अमोल. भामरागडात समुद्र आणला का रे तू?" तो हसला, पण त्या हसल्या नाहीत. "जिथली उंची आपल्याले माहीत नाई तिथी तसं लिहायचं. माहीत नाई म्हणायले लाज काऊन वाटते तुमाले?" त्यांना स्वतःला ती लाज कधी वाटली नाही. मोठे साहेब भेटीला आले आणि काही विचारलं, तरी सरळ म्हणायच्या, "मले माहीत नाई. पाहून सांगते." आणि खरंच पाहून सांगायच्या.

बाई रागावायच्या खूप. फाइलला 'नवीन', 'नवीन खरं', 'शेवटचं नवीन' अशी नावं देणाऱ्यांना तर त्या सगळ्यांसमोर झापायच्या. पण मला हिवताप झाला तेव्हा न विचारता माझी पिशवी भरून त्यांनी मला आपल्या भाड्याच्या खोलीवर नेलं. स्वतः खाली सतरंजीवर झोपल्या. मी संकोचून काही बोलायला लागले की, "तुले ताप आहे, बोलणं बंद," एवढंच.

आता धानोऱ्याच्या पुढच्या त्या गावाची गोष्ट. गावात निम्मी घरं धानाची शेती करणारी, निम्मी तलावातल्या मासोळीवर जगणारी. तलाव गावाच्या पश्चिमेला. दाव्याचा नकाशा छापून आम्ही ग्रामसभेत नेला, तेव्हा गावातले ज्येष्ठ देवाजीभाऊ त्यावर वाकले. त्यांचं सगळं आयुष्य त्या तलावात जाळं टाकण्यात गेलेलं. बोट फिरवत फिरवत ते हद्दीच्या रेषेपाशी थांबले. "बाई, आमचा तलाव हद्दीभायेर कसा गेला?" खरंच, तलावाचा मोठा भाग, पाळीसकट, म्हणजे बांधासकट, रेषेच्या बाहेर पडला होता. बायका उठून उभ्या राहिल्या. एक म्हणाली, "तलाव गेला तर आमी खावाचं काय?" दावे तपासणाऱ्या उपविभागीय समितीची बैठक आठवड्यावर आली होती. नकाशा असाच गेला असता तर तलावावरचा हक्क कागदावर अर्धा राहिला असता.

परत आल्यावर आमच्या समन्वयकांनी सोपा उपाय सुचवला. हद्द ज्या जुन्या स्कॅन केलेल्या नकाशावरून काढली होती, तो नकाशाच थोडा पश्चिमेकडे ओढून बसवायचा. माणूस वाईट नव्हता, बैठकीची घाई होती. बाईंनी नकारार्थी मान हलवली. "ओढला तर बसेल, साहेब. पण कायले सरकला ते समजल्याशिवाय ओढला, अन् समितीत कोणी पुसलं की बाई किती ओढला, काऊन ओढला, तर मी काय सांगू?"

मग त्या शोधायला बसल्या. मी शेजारी बसून होते. आधी त्यांनी रस्त्याचा फाटा घेतला, मग नाल्याचं वळण, मग जुन्या देवळाची टेकडी. प्रत्येक जागा जुन्या नकाशावर कुठे आहे आणि उपग्रहाच्या चित्रात कुठे, ते पाहत गेल्या. सगळ्या जागा एकाच दिशेला, सारख्याच अंतरानं सरकलेल्या निघाल्या: पूर्वेकडे आणि जराशा दक्षिणेला, दोन-तीन बांध ओलांडून. बाई मागे टेकल्या. "वाकडातिकडा असता तर स्कॅन खराब म्हटलं असतं. हा अख्खाच्या अख्खा सरकून राह्यला. याचं गावच चुकीचं लिवलं कोणीतरी." तसंच होतं. जुना नकाशा पृथ्वी मोजायच्या जुन्या पद्धतीवर काढलेला. त्याचे अक्षांश-रेखांश त्या पद्धतीचे. आमच्याकडे येण्याआधी कोणीतरी स्कॅन बसवताना त्याला उपग्रहाची नवी पद्धत लावून टाकली होती. आकडे तेच, पण जमीन बदललेली. बाईंनी त्या फाइलला तिची खरी पद्धत दिली, मग नवीन पद्धतीत रूपांतर केलं, हद्द पुन्हा काढली. तलाव पाळीसकट आत आला.

आता संपलं असं मला वाटलं. बाईंना वाटलं नाही. त्या पूर्वेची कड बघत होत्या. चुकीच्या नकाशात पलीकडच्या गावाचा मोहाच्या झाडांचा एक पट्टा या गावाच्या हद्दीत आला होता. दुरुस्तीनंतर तो बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी आम्ही जीपीएस यंत्र घेऊन गावात गेलो, पाळीवर आणि मोहाखाली उभं राहून मोजणी पडताळली, आणि बाईंनी सभेत दोन्ही गोष्टी सांगितल्या. तलाव आला, हे ऐकून आनंद झाला. मोह जाईल, हे ऐकून कुजबुज सुरू झाली. एक तरुण उठला. "बाई, तलावाकडची बाजू तेवढी सुधरवा ना. तिकडची राहू द्या. कोणाले समजते?"

"नकाशा एकाच बाजूनं सरकत नाई, बाप्पा," बाई म्हणाल्या. "आला तर सगळाच येते. अन् तो मोह कोण वेचते, ते तुमीच सांगा."

बाईंचा आवाज नेहमीसारखा करडा होता. सभेनं नकार दिला असता तर दावाच रखडला असता, आणि तलावही गेला असता. शेवटी देवाजीभाऊ उठले. "मोह त्यायचाच आहे. माह्या आजीच्या वक्ताले बी तेच वेचत होते. आमाले आमचा तलाव पाह्यजे. दुसऱ्याचं घेऊन आपलं कायले बाटवाचं?" नकाशा जसाच्या तसा मंजूर झाला. समितीत एका सदस्यानं रेषा का बदलली असं विचारलं, तेव्हा बाईंनी सगळं सांगितलं, चुकीचा नकाशाही दाखवला. समितीनं दावा पुढे पाठवला.

हक्काचं पत्र यायला पुढचा उन्हाळा उजाडला. तोवर बाई आमच्याकडे नव्हत्या. यजमानांना अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. बाईंनी एका सोमवारी डब्याऐवजी राजीनामा आणला आणि त्याच गाडीनं परत गेल्या. त्यानंतर मी सतत फोन करायची. प्रतिमा कापली की कडा काळ्या का येतात, दोन तुकडे जोडले की मधे शिवण का दिसते. पाठीमागे कुकरची शिट्टी होत असली तरी त्या सांगायच्या.

पत्र आलं तेव्हा देवाजीभाऊंनी हट्टच धरला, की बाईंना आपणच जाऊन सांगायचं. पाल्यात गुंडाळलेली मासोळी घेऊन ते माझ्याबरोबर एसटीत बसले. सगळी गाडी नाक धरून होती आणि भाऊ खुशीत. बल्लारपुरात बाईंचं घर दोन खोल्यांचं. यजमान खाटेवर उशांना टेकून बसलेले, आणि बाई त्यांच्याकडून 'पाणी' हा शब्द म्हणवून घेत होत्या. 'पा'च्या पुढे गाडी जात नव्हती. आम्हाला झापणाऱ्या बाई तिथे न थकता पुन्हा पुन्हा 'पा' म्हणत होत्या, जणू पहिल्यांदाच म्हणताहेत.

भाऊ बाईंशी बोललेच नाहीत. सरळ खाटेशी गेले, जमिनीवर बसले आणि नकाशा यजमानांच्या मांडीवर पसरला. "दादा, हा आमचा तलाव. हे पाळ. हे तुमच्या बाईनं जाग्यावर आणून देल्लं." यजमानांनी डावा हात उचलला आणि निळ्या रंगावर ठेवला. मग बाईंकडे पाहिलं, बराच वेळ. बाई "चहा ठेवते" म्हणून आत गेल्या. स्टोव्ह पेटल्याचा आवाज काही आला नाही. आम्हीही आत गेलो नाही.

निघताना त्या गल्लीच्या तोंडापर्यंत आल्या. डोळे लाल होते, पण बोलणं तसंच. "तू मले फोन करते ते अडलं की करते."

मला वाटलं, त्रास होत असेल. म्हटलं, "आता नाही करणार बाई."

"तसं नाई म्हटलं मी," त्या चिडून म्हणाल्या. "अडलेलं तुले आता सोडवता येते, मले माहीत आहे. अडलं नाई तेव्हा कर."

त्याला आता चार वर्षं होत आली. मी रविवारी फोन करते. बाई यजमानांचं सांगतात, भाजीचे भाव सांगतात, मी माझ्या लेकीचं सांगते. काही अडलेलं नसतं.