उद्यापासूनची पॉलिसी

चार डॉक्टर एकत्र बसले की पेशंटविषयी बोलत असतील, असा लोकांचा गोड गैरसमज आहे. आम्ही बोलतो नोटिशींविषयी. कुणाला आली, कशावरून आली, वकील कोण केला. शहागंजात नसरीनचं मॅटर्निटी होम आहे. दुपारची ओपीडी आटोपली की तिथं आमचे डबे उघडतात. नसरीन बाळंतपणं करते, संजय जाधव हाडं जोडतो आणि मी फिजिशियन. मी ट्रस्टच्या हॉस्पिटलातली नोकरी सोडून स्वतःचं छोटं हॉस्पिटल काढायचं ठरवलं, तेव्हा डब्यावर एकच विषय उरला. मी कोणती इन्डेम्निटी पॉलिसी, म्हणजे पेशंटनं केस केली तर भरपाई देणारा विमा, घ्यायची?

नोकरीत हॉस्पिटलचा विमा होता. आता पेशंट कोर्टात गेला तर समोर मी एकटी, माझं नाव आणि माझं राहतं घर. त्यामुळे पॉलिसी नीट पारखूनच घेणार होते. त्या पारखण्यातच एवढे किस्से साठले की पोटात ठेवणं अवघड झालंय.

*

आमचा एजंट चौधरी. पहिल्या भेटीला तो पेपरातल्या कात्रणांची जाडजूड फाइल घेऊन आला. सगळ्या बातम्या नातेवाइकांनी डॉक्टरांना चोपल्याच्या. गिऱ्हाइकाला आधी घाबरवायचं आणि मग सही घ्यायची, ही त्याची पद्धत. मी शांतपणे सगळी फाइल चाळली.

"चौधरी, मार बसला तर पॉलिसीत कव्हर आहे का?"

"नाही मॅडम. फक्त कोर्टकेस."

"मग ही कात्रणं कशाला दाखवताय?"

"मॅडम, डॉक्टरला चोपल्यावर लोक कोर्टात जात नाहीत, तो विचार करा ना. तेवढाच आमचा फायदा."

*

संजयचे वडील बैल घेताना आधी दात बघायचे, मग चालवून बघायचे. संजयनं माझ्यासाठी पॉलिसी तशीच बघायची ठरवली. विमा कंपनीचा वकील कोण हे विचारून घेतलं आणि स्वतःवर एक खोटी केस रचून त्याला फोन लावला. पेशंटचा पाय जोडलाय, पेशंट म्हणतो वाकडा जोडला, एक्स-रेमध्ये पाय सरळ आहे. पुढचं काही सांगायच्या आत वकीलसाहेब म्हणाले, "डॉक्टर, कशाला ताणता? देऊन घेऊन मिटवून टाका."

संजयनं फोन ठेवला. "नमतं घ्या म्हणायला घरी बायको आहे. तिला प्रीमियम लागत नाही."

हसलो खरे, पण माझा निर्णय तिथंच झाला. माझ्या संमतीशिवाय कंपनी परस्पर तडजोड करणार नाही, असं कलम असलेलीच पॉलिसी मी घेणार. चूक माझी असेल तर मान खाली घालीन. नसेल तर एक शब्द मागं घेणार नाही. चौधरीला मी तसं ठणकावून सांगितलं आणि तो ते कलम शोधत हिंडायला लागला.

*

नसरीनचं दुखणं वेगळं होतं. थोडी स्वस्त मिळते म्हणून तिनं दरवर्षी कंपनी बदलली होती. मग एक दिवस नोटीस आली, ती जुन्या बाळंतपणाची. ते बाळ तेव्हा शाळेत जायला लागलेलं. जुनी कंपनी म्हणाली, पॉलिसी संपली. नवी म्हणाली, आमच्या आधीचं आम्हाला सांगू नका. केस नसरीनच जिंकली, पण वकील स्वतःच्या खर्चानं लावून.

"सुन," ती मला म्हणाली, "कंपनी आणि सासर रोज बदलायचं नसतं. बदलायचंच झालं तर मागचं सगळं कबूल करून घे, लेखी."

*

चौधरीनं मला एक मंत्र दिला होता. ज्याची नोंद नाही, त्याचा बचाव नाही. तोंडी सल्ला द्यायचाच नाही. झालं! त्याच आठवड्यात देवगाव रंगारीला मावसबहिणीचं लग्न. आमच्याकडे डॉक्टर लग्नात आला की अक्षता पडायच्या आधी निम्मा मांडव त्याला नाडी दाखवून घेतो. मी यावेळी पर्समध्ये कोरे केसपेपर घेऊन गेले. ज्यानं हात पुढं केला त्याचं नाव, वय, तक्रार, सगळं लिहायला लागले.

मला वाटलं, लिहिताना बघून लोक पांगतील. उलट बातमी पसरली की डॉक्टरीणबाईनं शिबिर लावलंय. नवरीचा मामा आडवा हात धरून माणसं रांगेत लावायला लागला. "लग्न लागंल मागून, आधी लेडीज घ्या," म्हणून त्यानं मंगलाष्टकं थांबवली.

*

मनासारखं कलम सापडेपर्यंत हॉस्पिटल सुरूसुद्धा झालं. पॉलिसी मंजूर झाली, त्या दिवशी सकाळीच चौधरीचा फोन आला. "मॅडम, कव्हर उद्यापासून. आजचा दिवस सिरीयस पेशंट घेऊ नका, हात जोडतो."

दुपारी फुलंब्रीहून पिकअपभर माणसं आली. मधे आडवे पेशंट रंगनाथकाका, घामानं भिजलेले. हार्ट अटॅक. अँजिओप्लास्टीसाठी फोन केले, जवळ कुठंच टेबल रिकामं नव्हतं. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन आत्ताच द्यायला हवं होतं. त्यात मेंदूत रक्तस्राव व्हायचा धोका असतो. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण इंजेक्शन द्यायचं की नाही, याबद्दल शंका नव्हती.

काकांनी मान हलवून होकार दिला. मी धोका समजावून नातेवाइकांपुढे संमतीचा कागद धरला. थोरला मुलगा म्हणाला, "चुलत्याला इचारावं लागंल." चुलता म्हणाला, "जावई येऊ द्या." जावई फोनवर म्हणाले, "आमी कसं सांगावं? पोरायनं ठरवावं." कागद फिरून पुन्हा थोरल्याकडे आला.

तेवढ्यात मागून काकू माणसं सारत पुढं आल्या. "आणा हिकडं," म्हणाल्या आणि शाईत अंगठा बुडवून कागदावर दाबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका उशीला टेकून बशीनं चहा पीत होते. चौधरी पॉलिसी घेऊन थेट वॉर्डात आला आणि माझ्या हातात ठेवली.

"कशाचा कागुद हाय बाई?" काकांनी विचारलं.

"विमा आहे काका. माझ्या हातून चूक होऊन तुमचं काही बरंवाईट झालं, तर कंपनी भरपाई देते."

"कवापासून?"

"आजपासून."

काकांनी बशी खाली ठेवली. "मंग काल सुई कोणाच्या भरवशावर देली?"

मी काही बोलायच्या आत पायथ्याशी बसलेल्या काकूंनी अजून निळाच असलेला अंगठा वर केला.

"माह्या."