माझ्या वडिलांचा रणगाडा

परंड्यात दरवर्षी एक कार्यक्रम होतो. त्या वर्षात वारलेल्या माजी सैनिकांना मानवंदना. शाळेच्या मैदानात मांडव घालतात, टेबलावर फोटो मांडून हार घालतात, दोन मिनिटं शांत उभे राहतात आणि मग घरातलं कुणीतरी चार शब्द बोलतं. यंदा त्या टेबलावर माझे वडील होते. चार शब्दांसाठी मी आठ पानं लिहून नेली होती. वाचनालय सांभाळणाऱ्या माणसाचं असंच होतं.

मांडवात शिरलो आणि पानं हातातच राहिली. मंचामागच्या फ्लेक्सवर वडील रणगाड्याशेजारी उभे होते. चेहरा त्यांचाच होता. रणगाडा मात्र कार्यक्रम ठेवणाऱ्या माजी सैनिक संघटनेनं कुठूनतरी आणून जोडला होता.

आईनं फ्लेक्सकडे बोट केलं. "ह्यांचा अन् ह्याचा काय संबंध?"

संबंध मी लावला होता. वडील फौजेत खेचरं सांभाळायचे. डोंगरावरच्या चौक्यांना शिधा, रॉकेल, दारूगोळा खेचरांच्या पाठीवरून पोचवायचे. पाचवीच्या वर्गात सगळ्यांचे मामा-काका बंदूकवाले निघाले, तेव्हा मला खेचर सांगणं जड गेलं. मी रणगाडा सांगितला. पुढं वडील सुट्टीवर आल्यावर पोरांनी त्यांना गाठलं, रणगाडा कसा असतो म्हणून. त्यांनी एकवार माझ्याकडे पाहिलं.

"स्वभावानं चांगला असतो," ते म्हणाले. "फकस्त मागं उभं राहू नये. लाथ मारतो."

पोरांना ती फौजेतली भाषा वाटली.

आई मात्र गल्लीत खरं तेच सांगायची. पण लोक म्हणायचे, तिला काय कळतंय, पोरगा एवढा शिकलाय, तो सांगतो ते खरं. माझ्या शिक्षणाचा गावाला झालेला हा एकमेव उपयोग.

"तू सांगतूस का मी उठू?" आईनं विचारलं.

"कार्यक्रम झाल्यावर सांगू की त्यांना."

"आज समदे त्येन्ला आठवणार. मग त्येन्लाच आठवू दे. दुसऱ्याला कशाला?"

माइकपाशी जाऊन मी पानं उघडली. त्यांत 'रणगाडा' हा शब्द कुठंच नव्हता आणि 'खेचर'ही नव्हता. आठही पानं मी त्या दोन शब्दांच्या मधून अंग चोरून नेली होती. एवढी सफाई चांगल्या कामाला लावली असती तर एखादं पुस्तक झालं असतं. पानं मिटली.

"माझे वडील रणगाड्यावर नव्हते," मी म्हणालो. "खेचरांवर होते. रणगाडा मी पाचवीत असताना सांगितला. तो परत घ्यायचा राहून गेला."

मग मागून आवाज आला, "लई टिकला की वो सर रणगाडा!" आणि हशा पिकला. मलाही हसू आलं. आठही पानं मी खिशात कोंबली.

अध्यक्ष म्हणून बसलेले म्हातारे सुभेदार काठी टेकत उठले.

"आधी सांगायचं की सर! फ्लेक्सवर खेचर टाकलं असतं. त्यात कमीपणा काय? वरच्या चौकीत आमी दोन हिवाळे काढले. खेचर दिसलं की जीवात जीव यायचा. रणगाडा चढतोय व्हय तिथं?"

बोलत बोलत ते खाली उतरले आणि आईशेजारच्या खुर्चीत बसले. "वहिनी, थंडीचं काही सांगायचे का ते?"

आई सांगू लागली. तिला हे असं कुणी कधी विचारलंच नव्हतं. बर्फात लगामाचं लोखंड खेचराच्या जिभेला चिकटतं, म्हणून वडील पहाटे उठून ते आपल्या काखेत धरून ऊब द्यायचे. रोजच्या रोज. तिथली कातडी काळी पडली, ती शेवटपर्यंत तशीच राहिली.

"तुम्ही बघितला असंल की तो डाग," सुभेदार माझ्याकडे वळून म्हणाले.

बघितला होता. शेवटच्या आजारपणात त्यांना अंघोळ मीच घालायचो. कशाचा आहे, हे विचारलं नव्हतं. मी खुर्ची ओढून आईजवळ सरकलो.