कार्डअण्णांचं साल

“साल कामून पायजे, साहेब? हुक्का हाय की समोर,” पार्टिशनच्या पलीकडून आवाज आला. साहेब कानडीत शांतपणे काहीतरी म्हणाले. पुन्हा तोच आवाज, मराठीत: “मशीनला पायजे व्हय? मग मशीनलाच पाठवा की घरोघर इचारायला.”

कार्डअण्णांची माझी ओळख झाली ती अशी, भिंतीआडून. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. बीदरच्या आमच्या कार्यालयात जिल्ह्यातल्या जुन्या वस्तूंची नोंद कॉम्प्युटरवर करायचं काम निघालं होतं. इंग्रजी शाळेत शिकलेली, टायपिंग येणारी म्हणून मला हंगामी घेतलं होतं. अण्णा गावोगाव हिंडून वस्तू बघायचे आणि प्रत्येक वस्तूचं एक कार्ड लिहायचे. मी ते मशीनमध्ये भरायची. माझ्या वडलांच्या वयाचे असून ते मला अक्का म्हणायचे. मी नुसती मान हलवायची.

कुठल्याही घरात गेले की अण्णा आधी पाणी मागायचे. तांब्या रिकामा झाल्याशिवाय कार्ड बाहेर निघायचं नाही. एकदा साहेबांनी मलाही त्यांच्यासोबत पाठवलं. काळ्या धातूत चांदीची नक्षी बसवायचं बिदरीकाम करणाऱ्या एका मुसलमान घरात म्हाताऱ्या खाला एक काळीभोर सुरई पुढं ठेवून म्हणाल्या, “पुलिस ॲक्शन के पैले की. बड़े अब्बा का पाँव टूटा सो साल.” म्हणजे निजामाचं राज्य जायच्या आधीची.

अण्णांनी लिहून घेतलं आणि मान वर न करता विचारलं, “कौनसा पाँव?”

मला हसू आलं, पण खाला मनापासून आठवायला लागल्या. उजवा निघाला. कार्डावरचा सालाचा चौकोन एवढासा, म्हणून अण्णांचं अक्षर चौकोन ओलांडून कडेनं वर चढत गेलं होतं.

“उद्या कुनी त्या घरात गेलं तर पायावरून सुरईचं वय काढंल,” परतताना ते म्हणाले. “नुसता आकडा बघून कुनाला काय आठवनार?”

त्याच दिवशी बौद्ध वस्तीत एका बाईंनी ट्रंकेतून आईची पांढरी साडी काढली. आईनं दीक्षेला जाताना नेसलेली. अण्णांनी साल विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, “छप्पन.” अण्णांनी हात धोतराला पुसले, मग घडी उचलली. त्या कार्डावरचं साल तेवढं चौकोनात मावलं.

माझी अडचण मशीनसमोर सुरू व्हायची. साल म्हणजे चार आकडे. मोकळं सोडलं की मशीन किर्र वाजायचं आणि पुढं जायचंच नाही. पाय मोडला ते साल कसं भरायचं? कुणाला विचारायचं धाडस नव्हतं. पहिल्या दिवशी मी १९०० दाबलं. मशीन गप्प बसलं. मग मी तेच दाबत राहिले, आठ महिने.

छापील कागदांची चळत निघाली तेव्हा अण्णा सालांच्या रकान्यावरून बोट फिरवत खाली खाली गेले.

“अक्का, एकाच सालात सगळा जिल्हा कामाला लागला व्हता की.”

ते चिडलेत की थट्टा करतायत, मला कळेना. बोट १९५६ वर थांबलं. “ही बाई तेवढी वाचली तुझ्या तावडीतनं,” म्हणाले आणि चहा प्यायला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. टेबलावर ते कागद होते, बाजूला सुतळीनं बांधलेले कार्डांचे गठ्ठे. “अण्णा, सगळीकडं एकोणीसशे? कार्डं अशीच लिहिलीत?”

हंगामी माणसाला काढायला एक कागदसुद्धा लागत नाही, हे मला ठाऊक होतं. अण्णांनाही ठाऊक असणार. त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही.

“व्हय साहेब. वय झालं आता. चुकलं.”

महिनाअखेर ते निवृत्त व्हायचे होते. साहेबच ओशाळले. कागद चाळत म्हणाले, “मग ही कार्डं ठेवून तरी काय करायचं? कपाट रिकामं होईल. रद्दीत द्या.”

अण्णांचा हात गठ्ठ्याकडं गेला आणि अर्ध्यातून मागं आला. मला काहीच उमगेना. एवढी घरं, एवढं पाणी, खालांच्या बड़े अब्बांचा उजवा पाय, हे सगळं हा माणूस माझ्यासारख्या मुलीसाठी का सोडून देतोय? मी तर त्यांच्याशी धड बोललेही नव्हते. आता त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मान किंचित हलवली. नको, असं. पुढं ते भालकीकडं आपल्या गावी गेले ते गेलेच. त्यांनी तसं का केलं, हे विचारायचं राहून गेलं.

साहेबांशी मी नेहमी इंग्रजीत बोलायची. त्या दिवशी मराठीच आली तोंडात.

“कार्डं बरोबर आहेत, सर. एकोणीसशे मी घातलं.”