चढावरचा नळ

मला एका जागी बसवत नाही. वर्गात खुर्चीवर बसलेलं मला कुणी पाहिलं नसेल. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. नवरा म्हणतो, तू ग्रामसभेत शिरलीस की ग्रामसेवकाला घाम फुटतो. दोघांचंही खरं आहे. भिंगारहून स्कूटी हाणत मी पाथर्डीच्या बाजूच्या एका गावात विज्ञान शिकवायला जाते, आणि तिथल्या पाण्यानं माझी झोप उडवली आहे.

गाव तसं शहाणं. मंडळी टेम्पो करून हिवरे बाजार बघून आली आणि आपणही दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायचा असं ठरवून बसली. पाऊस किती पडला, विहिरीत किती उरलं, माणसांना किती लागेल, गुरांना किती, आणि मग रानात काय पेरायचं. मोजायचं काम शाळेकडे आलं. तेव्हापासून पर्यावरणाचा तास मी फळ्यावर घेतच नाही. मुलं पर्जन्यमापक वाचतात, विहिरीत दोर सोडतात, घरोघर जाऊन माणसं आणि जनावरं विचारतात. बाप शेततळ्याबद्दल थापा मारायला लागला की त्याचीच पोरगी त्याला गप्प करते, तेव्हा मला फार बरं वाटतं.

मोजणीची एक रीत मात्र ठरलेली होती. हस्त सरल्याशिवाय आणि दिवाळी झाल्याशिवाय मोजायचं नाही. परतीचा पाऊस हिशेबात यायला हवा, त्यात चूक काहीच नव्हती. पण तोवर माळावरच्या वस्तीतली बहुतेक घरं कुलूप लावून ऊसतोडीला गेलेली असायची. मुलं कुलूप बघायची आणि ‘रिकामं’ लिहून यायची. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या दारातल्या शेळ्या मात्र नीट मोजल्या जायच्या. रिकाम्या वस्तीला पाणी कशाला, म्हणून वरच्या पाइपाचा व्हॉल्व्ह दिवाळीनंतर बंद व्हायचा, तो टोळ्या परत आल्यावर उघडायचा. चार म्हातारी माणसं काय, आणतील विहिरीवरून, असं सगळे धरून चालले होते.

हे मला नीट कळलं ते एका आईमुळे. दसरा जवळ आला होता. आठवीतल्या एका मुलीची आई शाळेत आली आणि दारातूनच म्हणाली, “बाई, पोरीचा दाखला काडून ठिवा. न्यायची संगं.”

मुलगी हुशार होती, घरी आजी होती, मग न्यायची कशाला? मी जरा तडकूनच विचारलं.

“नळ बंद व्हतो की वो. म्हातारीच्यानं हिरीवर जाववत न्हाई, म्हंजी पोरगी जानार. त्या पायऱ्यांवरनं मीच एकदा पडले व्हते. तिकडं कामाच्या नादात ध्यान हितंच ऱ्हातं. त्यापरीस डोळ्याम्होरं असलेली बरी. नळ चालू ऱ्हायला तर ठिवते.”

एवढं सरळ होतं ते. नळ चालू, तर शाळा. नळ बंद, तर ऊस.

त्या दिवशी मी घरी न जाता सरपंचांच्या ओट्यावर गेले. माणूस भला, पण घाई त्यांच्या रक्तात नाही. चहा सांगितला, मग म्हणाले, “मॅडम, हस्त गेल्याबिगर मोजनी कशी करायची? आन् आडातच नसलं तर पोहऱ्यात कुठनं यायचं?”

“पाणी हस्तानंतर मोजा,” मी म्हणाले, “माणसं आत्ता मोजा. ती काय पावसानं वाढणार आहेत?”

ते हसले. हसले म्हणजे अर्धं काम झालं, एवढं मला त्या गावानं शिकवलंय. दसऱ्याच्या आधी सभा बसली. टोळीतल्या बायका पहिल्यांदाच सभेला आल्या आणि मागे न बसता पुढे बसल्या. ती आई उठून म्हणाली, “आमी जातो, पर समदे जात न्हाई. घरात मानूस ऱ्हातं. त्यास्नी तहान लागती.” यावर कोण काय बोलणार? ठराव झाला. वस्तीवर जितकी माणसं मागे राहतील, त्यांच्या वाट्याचं पाणी रोज सोडायचं. खाली गावात माणशी जेवढं, तेवढंच वर. इतका न्यायाचा ठराव मी त्याआधी पाहिला नव्हता. मुलांनी हिशेब करून पाणी सोडणाऱ्या शिपायाला व्हॉल्व्ह किती वेळ उघडा ठेवायचा तेही काढून दिलं.

मुलगी राहिली. टोळी कोपरगावकडे गेली.

डिसेंबरात ती शाळेत उशिरा यायला लागली. परकराची कड ओली, डोळे पेंगुळलेले. विचारलं तर म्हणे, “आजीचं आवरता आवरता येळ झाला.” आठवडाभर मी ते ऐकून घेतलं, मग माझ्यानं राहवेना. एका सकाळी शाळा भरायच्या आधी स्कूटी थेट माळावर नेली.

नळाखाली हंडे लावलेले होते. पाणी सुटायच्या वेळेला नळानं फुस्स केलं, थोडी हवा टाकली, तांबूस गुळणी टाकली आणि गप्प झाला. तेवढ्यात खाली व्हॉल्व्ह बंद झाला होता. आजी दारातून म्हणाली, “रोज आसंच हाय. पोरगी दिस उगवायच्या आदी हिरीवर जाती. आईला सांगू नका म्हनती.”

मी तिथंच कपाळाला हात लावला. पाइप चढावरचा, आणि आधी स्वतःचं पोट भरल्याशिवाय तो कुणाला देत नाही. माणसं थोडी म्हणून वेळ थोडा दिलेला. तेवढ्यात पाइप जेमतेम भरायचा, व्हॉल्व्ह बंद व्हायचा आणि पाइपातलं पाणी उतारावरच्या नळांतून खालच्या घरांना मिळायचं. हिशेबात माणसं होती, गुरं होती, चढ कुणीच धरला नव्हता. वस्तीचं पाणी रोज अगदी चोख सुटत होतं आणि वस्तीला थेंब मिळत नव्हता.

सरपंचांना गाठलं. ते म्हणाले, “ठराव सभेचा हाय, मॅडम. म्या एकट्यानं वाडवून दिलं तर समद्यांच्या नाकाला मिरच्या झोंबतील. सव्वीस जानेवारीच्या सभेत मांडा.” तेही खोटं नव्हतं, आणि म्हणूनच मला जास्त राग आला. खोटारड्या माणसाशी भांडता तरी येतं. एक महिना थांबायचं होतं, आणि थांबणं मला कधीच जमलेलं नाही.

आईचा फोन शनिवारी शाळा सुटताना माझ्या मोबाईलवर यायचा. त्या शनिवारी मी फोन मुलीच्या हातात दिला आणि ती माझ्यासमोर, नजर जमिनीकडे लावून, म्हणाली, “येतं की पानी. रोज येतं.” मग फोन माझ्याकडे परत आला.

“बाई, ही म्हनती रोज येतं,” आई म्हणाली. मागे ट्रॅक्टरचा आवाज होता. “खरं हाय का?”

मुलगी माझ्याकडे बघत होती. डोळ्यांनी मागत होती. महिनाभराचा प्रश्न होता, हे मला माहीत होतं. विहिरीच्या पायऱ्या शेवाळलेल्या होत्या, हेही मी माळावरून परतताना डोळ्यांनी बघून आले होते.

“नाही येत,” मी म्हणाले.

दोन दिवसांनी तिचा मामा मोटरसायकलवर आला आणि तिला घेऊन गेला. आईनं निरोप दिला होता, पाणी आलं की धाडीन परत. बाकावरची तिची जागा दुसऱ्या मुलीनं घेतली. मी तिला उगाचच तिथून उठवलं आणि मग पुन्हा बसवलं.

तो महिना मी वर्गाला चढाच्याच मागे लावलं. मुलांनी जिन्यावर प्लास्टिकची नळी बांधली, खालून पाणी सोडलं आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की दहादा थोडं थोडं सोडलं तर वर काहीच पोचत नाही, तेवढंच एकदम सोडलं तर बादली भरते. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर तीच नळी घेऊन मुलं सभेत उभी राहिली. मंडळींना माझ्या भाषणानं जे पटलं नसतं ते बादलीनं पटलं. ठरलं असं की वस्तीवर एक टाकी बसवायची आणि वस्तीचं आठवड्याचं पाणी एकाच दिवशी सलग सोडायचं, म्हणजे पाइप आठवड्यातून एकदाच पिईल. कुणाच्या वाट्यातला एक तांब्याही कमी झाला नाही. सरपंच म्हणाले, “मॅडम, हे आदी का न्हाई सुचलं?” मी नळी गुंडाळायला लागले, बोलले असते तर वाईट बोलले असते.

टाकी भरली त्या दिवशी मी तिथूनच फोन लावला. आजीनं पाण्यात हात घातला होता, तिला तो काढावासा वाटत नव्हता. आईला मी सगळं सांगितलं. ती खूश झाली, मग म्हणाली, “पर आता पोरीला आनून कोन सोडनार, बाई? भाऊ गेला त्याच्या कामाला. आमाला मुकादम जाऊ देत न्हाई. आता हंगाम सरल्यावरच.” आणि तिनं फोन मुलीकडे दिला.

मुलीनं आधी आजीचं विचारलं. टाकी केवढी आहे ते विचारलं. मग आवाज बारीक करून म्हणाली, “बाई, तवा तुमी येतं म्हनला असता तर?”

अजूनही गाडीवर, स्वयंपाकघरात, दुसऱ्याच कुठल्या तासाला तो प्रश्न उठून उभा राहतो आणि मी पळीच्या जागी झारा उचलते. ती पायरीवरून घसरली असती तर मी स्वतःला काय म्हटलं असतं, ते मला ठाऊक आहे. ती ऊस उचलत होती, याला काय म्हणायचं, ते मात्र सुचत नाही.

“मी येते,” मी म्हणाले. “उद्या रविवार आहे. पहिल्या एसटीनं निघते. आईला सांग, मी येऊन घेऊन जाईन.”

“दुपार व्हईल ना तुमाला?” ती म्हणाली. “मंग मी तवर माज्या वाट्याच्या मोळ्या बांधून ठिवते. आईला एकटीला पडाय नगंत.”