बस्त्याच्या दुकानातली झोळी

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा माझं बाळ चार महिन्यांचं होतं आणि बाटलीला अजिबात तोंड लावत नव्हतं. बाळंतपणासाठी मी कुंडलला माहेरी आलेली, ती तिथंच रुतून बसले होते. बस्ता सांगलीला बांधायचा ठरला. बस्ता म्हणजे दोन्हीकडची माणसं एकाच दुकानात गादीवर ठाण मांडून लग्नाचं सगळं कापड घेतात. त्यात अख्खा दिवस मोडतो. काकूनं निकाल देऊन टाकला, "लेकरू घिऊन बस्त्याला कुणी जातं व्हय? तू घरातच बस."

मला राग पटकन येतो, त्यात मी बाळंतीण. पण काकूचं अगदीच चूक नव्हतं. मागं एका दुकानात मी जिन्याखाली रिकाम्या खोक्यांवर बसून बाळाला पाजलं होतं, आणि दुकानातल्या प्रत्येक नोकराला नेमकं तेव्हाच खोकं हवं होतं. घरी येऊन मी जाहीर केलं होतं, पोरगं शाळेत जाईपर्यंत उंबरा ओलांडणार नाही.

या वेळी मात्र जायलाच हवं होतं. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. बहीण घरात भारी तोंडाळ, पण परक्यांसमोर तिच्या तोंडाला कुलूप. नवरीचा शालू मुलाकडचे घेतात. मुलाकडचे शिरवळचे, आणि होणाऱ्या सासूबाईंचा आवाज सुपारी फुटायच्या आधीच आमच्या घरभर घुमून गेलेला. बहिणीला आमसुली शालू हवा होता. मी शेजारी बसायचं आणि तिच्या वतीनं सांगायचं, एवढंच तिचं मागणं होतं. मी शब्द दिला होता.

शेवटी फोनवर समोर कुणी दिसत नाही, म्हणून धीर करून बहिणीनंच दुकानात विचारलं, तान्हं बाळ आणलं तर चालेल का. मालकीणबाई म्हणाल्या, खुशाल आणा, आमच्याकडं झोळी बांधलेली आहे.

आणि खरंच होती. वरच्या मजल्यावर खिडकीजवळ एक कोपरा मोकळा ठेवलेला. छताच्या कड्यांना जुन्या सुती साड्यांच्या दोन झोळ्या, खाली गादी, गरम पाण्याचा थर्मास, बाळोती बदलायला रबरी कापड. मालकीणबाईंनी स्वतःची दोन्ही पोरं गल्ल्यामागंच वाढवली होती.

"पोर निजलं की बाई निवांत बसती," त्या हसत म्हणाल्या, "आन् निवांत बसली की घेती."

धंद्याचं सरळ गणित होतं. मला ते फार आवडलं, कारण त्यात उपकार नव्हते. बाळही झोळीत असं गाढ झोपलं की मला जरा अपमानच वाटला. घरी मी तासन्‌तास आंदुळलं तरी त्याचा डोळा लागत नाही. मालकीणबाई त्याच्यापाशी बसल्या आणि मी खालच्या मजल्यावर बस्त्याच्या गादीवर ऐसपैस मांडी घातली. कितीतरी महिन्यांनी माझे दोन्ही हात मोकळे होते. चहा गरम असताना प्यायले.

मानपानाच्या साड्या झाल्या, टोप्या-टॉवेल झाले आणि शालू निघाले. सासूबाईंनी एक लालभडक शालू मांडीवर ओढला. आमसुली त्यांनी काळपट दिसतो, लग्नात नको, म्हणून बाजूला सारला. बहिणीनं माझ्याकडं बघितलं. मी तोंड उघडलं, तोच वरून बाळानंही उघडलं.

वर जाऊन मी त्याला पदराखाली घेतलं आणि मालकीणबाईंपुढं तडतडले. आता लालच बांधणार, ती काही बोलायची नाही, आणि मी ही अशी इथं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, जिन्याशी गेल्या आणि खाली सांगितलं, शालू वरच घेऊन या, थोरली बहीण वर आहे आणि इथं उजेडही चांगला आहे.

सासूबाई स्वतःच्या गुडघ्यांना शिव्या घालत चढल्या. मागून बहीण, तिच्या हातावर लाल शालू आणि त्याच्यावर तिनं गुपचूप उचललेला आमसुली. पाठोपाठ गठ्ठा घेऊन नोकर येताना दिसला, तशी सासूबाईंनी वरचा शालू ओढून फडकन उलगडला. एक टोक स्वतः धरलं, दुसरं बहिणीच्या हातात दिलं आणि माझ्यासमोर आडोसा केला. नोकराला जिन्यातूनच परत पाठवलं.

खिडकीचं ऊन आमसुलीवर पडलं. माझ्या बाजूनं तो डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल दिसत होता.

"ह्यो काळा न्हाई की गं," पलीकडून सासूबाई म्हणाल्या. "तुला ह्यो पायजे व्हय?"

मी आतून सांगायला लागले, तर त्यांनी शालूकडं तोंड करून मला दटावलं, तू पोराला पाज, तिचं ती सांगेल. मग त्यांचा आवाज खाली आला. तो इतका खाली येऊ शकतो हे मला माहीत नव्हतं.

"आई असती तर तिला सांगितलं असतंस न्हवं? मग मला सांग."

मला फक्त काठ धरलेली बहिणीची बोटं दिसत होती.

"ह्योच," ती म्हणाली. मग जरा मोठ्यानं, "मला ह्योच पायजे, आई."

तीन वर्षांत तिच्या तोंडून कुणाला ही हाक गेलेली मी ऐकली नव्हती. शालूच्या अलीकडं बाळाला छातीशी धरून मी मुकाट्यानं रडत बसले.