खाली फिरवल्याशिवाय नाही

धरणगावच्या झुलालभाऊंनी उभा जन्म विहिरीवरच्या जळालेल्या मोटरींमध्ये तांब्याची तार भरण्यात घातला. धुळ्याच्या कॉलेजात संशोधन करणाऱ्या भाविकाने मागितलं म्हणून त्यांनी एक भलंदांडगं विद्युतचुंबकही भरून दिलं.

तिचं काम नाजूक. इलेक्ट्रॉनला स्वतःची एक फिरकी असते. कोबाल्टच्या टोकातून एकाच फिरकीचे इलेक्ट्रॉन जास्त करून ग्राफीनमध्ये, म्हणजे कार्बनच्या एका अणूएवढ्या पातळ थरात, सोडायचे आणि जिथे करंट जातच नाही तिथे दूरवर ती फिरकी पकडायची. फिरकी तिथवर पोचली असेल, तर चुंबकाचा जोर उलटा फिरवला की स्क्रीनवरच्या रेघेत पायरी पडते. दोन वर्षांनी ती पडली.

आणि तपासायला आलेले पुण्याचे साहेब म्हणाले, "ही पायरी तुमच्या या गावठी चुंबकाची आहे. भंगारात द्या."

भाविकाचा निरोप मिळाला तसे, साहेब निघायच्या आत, भाऊ एसटीने आले. हाताला वार्निशचा वास तसाच.

"साहेब, मोटर भरी का आम्ही पहिले खाली फिरावतस. पाणी नही, पंखा नही. खोट व्हई तं तठेच गुरगुरस. मन्हं चुंबक खाली फिरावा."

"ते पंप नाही, भाऊ."

"म्हनीसन सांगस. कोबाल्ट काढा नि देखा."

भाविका चमकली. चिपवर त्याच ग्राफीनची दुसरी पट्टी होती, सोन्याच्या टोकांची. सोनं फिरकी निवडून देत नाही. खोट चुंबकाची असली तर पायरी तिथेही दिसायला हवी.

तिने तारा बदलल्या. चुंबक घुमलं. रेघ सरळ.

"पुन्हा," साहेब म्हणाले.

सरळ. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः बटण दाबलं. सरळच.

साहेबांनी अहवालात 'चुंबक निर्दोष' एवढंच लिहिलं, पायरीबद्दल काही नाही, पेनाला टोपण लावलं आणि बॅग उचलली. झुलालभाऊ दारात आडवे उभे.

"मन्हं काम व्हयनं. पोरीनं काम राहिनं."

"मला उशीर होतोय."

"तिन्हा दोन वरीस गयात. तुम्हना अर्धा तास जाई."

साहेबांनी भाविकाकडे पाहिलं. ती यंत्रापाशीच उभी राहिली, भाऊंना आवरायला गेली नाही. बॅग टेबलावर आली.

"बरं. चहा तरी मिळेल का?"

"पायरी दिसू द्या," भाऊंनी स्टूल ओढलं, "मंग चहा."

भाविका कोबाल्टच्या टोकांना तारा जोडायला वाकली.